पंचवीस अक्षरांची चावी

मी अकोल्यात एका उर्दू हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. घर अमरावतीला. शनिवारी शाळा सुटली की बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आणि तिथून ऑटो, असा अनेक वर्षांचा नेम आहे.

बी.एड. झाल्यावर सुरुवातीची वर्षं विनाअनुदानित शाळेत गेली. हजेरीपटावर सही होती, पगारपत्रकावर नाव नव्हतं. त्या दिवसांत घर चाललं ते कॉम्प्युटरवर. लोकांच्या घरी, दुकानी जाऊन विंडोज टाकून द्यायचो. एका मशीनचे दोनशे रुपये. बॅगेत एकच डीव्हीडी आणि लायसनला बगल देणारा एक ‘ॲक्टिव्हेटर’. गिऱ्हाइकानं कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. दहावीच्या परीक्षेत कॉपीमुक्त अभियान म्हणून पोरांचे खिसे तपासायचो आणि संध्याकाळी नकलेचं विंडोज टाकायला निघायचो. यात काही विसंगत आहे, हे तेव्हा मनातही आलं नाही.

अमरावतीत आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांचं छोटंसं छपाईचं दुकान आहे. लग्नाच्या उर्दू पत्रिका, मदरशाच्या पावत्या, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी सगळी कामं ते इनपेजवर करतात. त्यांच्या मशीनवर विंडोज मीच टाकलं होतं. तो ॲक्टिव्हेटर चालवायचा तर आधी अँटिव्हायरस बंद करावा लागे. मी केला. महिनाभरानं ऐन लग्नसराईत दुकानातल्या सगळ्या फाइलींना कुलूप लागलं आणि पडद्यावर पैशांची मागणी आली. पंधरा वर्षांचं काम गेलं. चाचा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बेटा, तूने तो बोला था सब ठीक है.”

तेव्हापासून मशीनला हात लावण्याआधी मी लायसन तपासतो. आपल्या घरातले, ओळखीतले बरेच तरुण हे काम करतात, म्हणून जरा खुलाशानं सांगतो. विंडोजची चावी पंचवीस अक्षरांची असते. जुन्या मशीनवर ती स्टिकरवर छापलेली असे. 2012 मध्ये विंडोज 8 आल्यापासून कंपनीच्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा मदरबोर्डवरच साठवलेली असते. मशीनसोबत येणारं ओईएम लायसन त्या मशीनपुरतंच. मदरबोर्ड बदलला की ते सोबत येत नाही. दुकानातून वेगळं घेतलेलं रिटेल लायसन दुसऱ्या मशीनवर नेता येतं. तिसरं व्हॉल्यूम लायसन, मोठ्या संस्थांसाठी. त्याच्या एका प्रकारात मशीनला दर 180 दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरकडून मान्यता घ्यावी लागते. कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएलएमजीआर’ची कमांड दिली की यातलं कोणतं आहे ते समोर येतं. घरच्या किंवा दुकानाच्या मशीनवर व्हॉल्यूम दिसलं की समजावं, काहीतरी गडबड आहे. मग बिल मागावं. ‘ॲक्टिव्हेटेड’ असं दिसतं म्हणजे लायसन आपलं झालं, असं मुळीच नाही.

अकोल्यातल्या एका कृषी केंद्राच्या मालकांकडे असंच झालं. जुनं मशीन ‘ओरिजिनल विंडोजसह’ म्हणून त्यांनी विकत घेतलेलं. तपासलं तर व्हॉल्यूम.

“म्हंजे चोरीचं हाय का हे, सर?”

“चोरीचं तुम्ही केलं नाही. पण हे लायसन तुमचं नाही.”

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63 ब त्यांना सांगितलं. नकली प्रोग्राम जाणूनबुजून वापरला तर कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “दुसरा पोरगा तीनशेत टाकून देते. तुमी कायले एवढं करता?” ते गिऱ्हाईक गेलं. अशी आणखीही गेली.

मित्र म्हणतात, कंपनी अब्जाधीश आहे, तिचं काय जातं? मीही हेच म्हणत असे. पण ज्या इनपेजवर चाचांचं पोट चालतं ते 1994 साली दिल्लीच्या एका कंपनीनं काढलं, आणि आमच्या भागात त्याच्याही नकलाच हातोहात फिरल्या. त्यातली नूरी नस्तालीक लिपी म्हणजे खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांची मेहनत. हजारो अक्षरजोड हातानं लिहिल्यावर 1981 मध्ये ती छपाईत आली. ही मेहनत कुणाची तरी अमानत आहे, हे उर्दूच्या मास्तरला कुणी वेगळं सांगायला हवं का? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनं 1988 मध्ये कुवेतच्या बैठकीत लेखन आणि शोधांवरचे हक्क शरियतला मान्य असल्याचा ठराव केला. मालक अमेरिकेत असो की दिल्लीत, हक्क तोच.

गरिबाला मार्ग नाही, असंही नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला थांबला आणि कित्येक जुन्या मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. अशांवर मी उबुंटू टाकतो. ते फुकट आहे आणि त्याची नक्कल करायला परवानगी आहे. आमच्या शाळेतल्या जुन्या मशीन अशाच चालतात. लिब्रेऑफिस आणि नोटो नस्तालीक, दोन्ही मोफत. प्रश्नपत्रिका त्यावरच निघतात.

चाचांचं मात्र इनपेजवाचून भागत नाही आणि ते उबुंटूवर सरळ चालत नाही. त्यांनी हप्त्यांवर नवं मशीन घेतलं, विंडोज सोबतच आलं. पहिले दोन हप्ते मी भरले. ते नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. इनपेजही रीतसर घेतलं.

परवा दुकानात गेलो तर त्यांनी प्लास्टिकची एक फाइल काढली. गुमास्ता, लाइट बिलं आणि त्यांच्या खाली मशीनचं बिल.

“बेटा, ये भी लायसन्स ही है ना? संभालके रखा है.”

मी बिलावरची तारीख वाचली आणि फाइल त्यांच्या हाती परत दिली.