वजन येईपर्यंत

गेल्या काही हिवाळ्यांपासून माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचे टोक बधिर होत चालले आहे, आणि मधुमेहाच्या दीर्घ सहवासात हे असे व्हावयाचेच, असे डॉक्टरांनी अतिशय सौम्य शब्दांत मला सांगून टाकले आहे. ज्याने सारी उमर तहसील कचेरीत पैसेवारीचे तक्ते आणि फेरफाराच्या नोंदी करण्यात घालविली, त्याला बोटावरच्या एवढ्याशा कातडीचे दुःख कशासाठी व्हावे, असे कोणी विचारील. परंतु कचेरीतल्या माझ्या हाताची ओळख दप्तरांत बांधली गेली ती तेथेच राहिली, आणि माकणीच्या निम्न तेरणा जलाशयावर माझी जी काही प्रतिष्ठा होती ती सर्वस्वी या एका बोटाची होती. मरळीने रबरी बेडूक तोंडात घेतल्यानंतर फटका केव्हा द्यावयाचा, हाच गळाने मासे धरण्याच्या या विद्येतला खरा प्रश्न होय. बाकीचे सारे हौशी माणसाला एका मोसमात येते. हे मात्र पुष्कळांना आयुष्यभर येत नाही, आणि मला ते येत होते.

बेडूक पोकळ असतो, आणि त्याचे दोन्ही गळ पाठीलगत चिकटून वर वळलेले असतात, म्हणून तो शेवाळावरून, बेशरमीच्या झुडपांतून, बुडालेल्या बाभळींच्या फांद्यांवरून कोठेही न अडकता सरकत येतो. पण जो गुण त्याला शेवाळातून वाचवितो तोच मरळीच्या जबड्यातूनही वाचवितो. मरळ खालून येते, पाणी फुटते, बेडूक नाहीसा होतो, आणि डोळ्यांनी पाहिलेले मेंदूपर्यंत पोहोचण्याच्या आधीच मनगट उचलले जाते. त्या घटकेला मरळीने तोंड मिटलेले असते खरे, पण दाबलेले नसते, रबर चेपलेले नसते, गळांची टोके उघडी पडलेली नसतात, आणि बेडूक ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने सुखरूप बाहेर येऊन होडीच्या पत्र्यावर आदळतो. मरळ त्या जागी पुन्हा येईलच याचा काही भरवसा नाही. म्हणून थांबावयाचे. पण किती?

या ‘किती’ने मला जितके छळले तितके नोकरीतल्या कोणत्याही चौकशीने छळले नाही. सोलापूरकडचे काही गळवाले तीन अंक मोजतात. हैदराबादेहून येणारे म्हणतात की दोरी आडवी चालू लागली की द्यावा फटका. जिवंत बेडूक लावून मरळ धरणारे आमच्याकडचे जुने भोई तर विडी काढून, पेटवून, पहिला झुरका घेऊन मग दोरीला हात घालीत, आणि त्यांचे बरोबरच होते, कारण जिवंत बेडूक मरळ गिळते. रबराला चव नाही, रक्त नाही; ते खोटे आहे हे तिला फार लवकर कळते आणि ती ते थुंकून टाकते. तेव्हा तिने दाबून धरल्यानंतरचा आणि थुंकण्याच्या अगोदरचा असा तो काळ आहे, आणि त्याचे माप घड्याळात नाही. पौषातल्या थंड पाण्यात तो लांबतो, वैशाखात आखडतो. मोकळ्या पाण्यात घेतलेला बेडूक ती घेऊन चालू लागते, पाणकणसाच्या बुडख्यात घेतलेला तेथेच धरून बसते. मोजणारा मनुष्य एकाच अंकाने हे सारे प्रसंग उरकू पाहतो, आणि म्हणूनच मोजणाऱ्यांच्या होड्या रिकाम्या परततात, हे माझे स्पष्ट मत आहे.

मी मोजत नसे. दोरी रिळातून निघते तेथे तर्जनीचे टोक तिच्यावर हलकेच टेकवून मी वजनाची वाट पाहत असे. पहिला ठोका येतो तो पाण्याचा, माशाचा नव्हे. त्याच्यावर विश्वास ठेवू नये. त्यानंतर काहीच येत नाही, आणि हे काहीच न येणे सहन करण्यातच निम्मी विद्या आहे. मग दोरी जड होते. ओढली जात नाही, हिसका बसत नाही. नुसती जड होते, आणि तो जडपणा बोटाच्या कातडीला जेवढा कळतो तेवढा शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही भागाला कळत नाही. मग काठीचे टोक पाण्याकडे झुकवावे, सैल दोरी गुंडाळून घ्यावी आणि मनगटाने नव्हे, कमरेतून फटका द्यावा.

कोकणातल्या एका स्नेह्याने मला एकदा खाडीवर नेले होते. तिकडे तांबोशीवर हीच रबरी आमिषे चालतात, फक्त शिशाच्या डोक्याची आणि मासळीच्या आकाराची. ती खडकांच्या बाजूला सोडून द्यावयाची, आणि आमिष खाली बुडत असतानाच, दोरी थांबावयाच्या आधी थांबली, एवढ्या एका खुणेवर मासा ओळखावयाचा. ती विद्या सूक्ष्म आहे यात शंका नाही. परंतु धरणातली गळकाठी म्हणजे पोरखेळ, असे जे त्या स्नेह्याचे म्हणणे होते ते मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. तांबोशी आमिष घेताच आपल्या कपारीकडे पळते आणि पळण्याच्या भरात गळ स्वतःच रुतवून घेते. तिथे पुढचे भांडण बळाचे असते. मरळ काहीच रुतवून घेत नाही, ती सारी जबाबदारी आपल्यावर टाकते.

या पाण्याशी माझा संबंध आला तो मोठ्या विलक्षण प्रसंगाने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटताना, किल्लारीचा भूकंप झाला, आणि सास्तूर-लोहारा भागात पंचनामे करीत माझे कित्येक महिने गेले. कोसळलेल्या माळवदांची आणि गेलेल्या माणसांची नोंद करून परतताना संध्याकाळी मी माकणीच्या काठावर थांबू लागलो. पाण्यावर मरळ हवा घ्यावयाला वर येते तेव्हा उठणारे छोटे वलय मी तेव्हा प्रथम लक्ष देऊन पाहिले. मरळीला कल्ल्यांवर भागत नाही, तिला ठरावीक वेळाने वर येऊन श्वास घ्यावाच लागतो, आणि जो दोन वलयांमधले अंतर पाहून तिची दिशा ताडतो त्याला बेडूक कोठे टाकावा हे सांगावे लागत नाही. हवा घेणारा मासा म्हणूनच आमच्या या कोरड्या मुलखाला शोभतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे; अशा वर्षी जेथे कटला आणि रोहू उथळ, तापलेल्या डबक्यात तडफडून मरतात तेथे मरळ ओल्या गाळात कितीतरी काळ तग धरून राहते.

मला या विद्येचा अभिमान होता, आणि तो साधा नव्हता, हे येथे सांगून टाकले पाहिजे. पाहुणे आले की मी त्यांना कल्याणीच्या चालुक्यांचा सोमेश्वर तिसरा याचे नाव सांगत असे. आमच्या उमरग्याहून फारशी दूर नसलेली त्याची राजधानी आज बसवकल्याण म्हणून ओळखली जाते. त्याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचे एक प्रकरण आहे, कोणता मासा कोठे राहतो आणि कोणाला कोणते खाद्य रुचते याचा त्यात सविस्तर विचार आहे, आणि बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी ते संपादून ठेवले आहे. हे सारे खरे आहे आणि ज्ञानाच्या दृष्टीने मोलाचेही आहे; पण मी ते सांगे ते ज्ञानासाठी नव्हे. या भूमीत गळ टाकणाऱ्यांची जी परंपरा राजापासून चालत आली तिच्या टोकाला मी उभा आहे, असे ऐकणाऱ्याच्या मनात यावे, एवढ्यासाठी सांगे. ‘रावसाहेबांचा हात’ हे शब्द काठावर ऐकू आले की मला जे सुख होई ते बढतीच्या हुकुमानेही झालेले नव्हते.

आणि आता बोट गेले. दोरी जड झाली की नाही हे मला कळेनासे झाले, आणि हिवाळ्यात तर ठोका आणि वजन यांतला फरकच नाहीसा झाला. माझी होडी वल्हविणारा मुलगा भोयाचा आहे. अजून मिसरूड फुटलेले नाही, शाळा सुटली की काठावर असतो. एका संध्याकाळी पाणी फुटले, माझा हात उचलला जाणार एवढ्यात तो वल्ह्यावरून म्हणाला, “आबा, थांबा की जरा. अजून धरली नाही तिनं.” मी थांबलो. “आता,” तो म्हणाला. आणि मी फटका दिला तो थेट मरळीच्या जबड्यात बसला.

तिला होडीत घेतल्यावर, तुला कसे कळले, असे मी विचारले, आणि त्याचे उत्तर ऐकून मी बराच वेळ गप्प राहिलो. तो दोरीच्या पिळाकडे पाहत नव्हता की बेडकाच्या जागेकडेही पाहत नव्हता. विणलेली दोरी पाणी धरते. काठीच्या टोकापासून पाण्यापर्यंत तिच्यावर थेंबांची ओळ लोंबत असते. मासा नुसता चाळवीत असतो तोवर हे थेंब डुलतात, पण पडत नाहीत. त्याने दाबून धरले की दोरीचा झोळ निघतो, आणि ते सारे थेंब एकदम झडतात. “थेंब पडलं की वजन आलं,” तो म्हणाला. मी आजवर जे कातडीने वाचले ते त्याने डोळ्यांनी वाचले होते, आणि तेही वल्हे मारता मारता, दहा हातांवरून.

तेव्हापासून मी थेंब पाहतो. उन्हात ते दिसतात, ढगाळ दिवशी दिसत नाहीत, सांजवेळी तर मुळीच नाहीत, आणि मरळीची खरी वेळ सांजेचीच असते. म्हणून त्या वेळी मला त्या मुलाच्या आवाजावर अवलंबून राहावे लागते, आणि ते मला अजूनही जड जाते. कोणी पाहुणा होडीत असला की मी बधिर तर्जनी पूर्वीसारखीच दोरीवर टेकवून बसतो. तिला काही कळत नाही. पाहणाऱ्याला ते कळू नये एवढीच इच्छा. मुलगा अशा वेळी मोठ्याने बोलत नाही, फक्त वल्हे होडीच्या कडेवर हळूच टेकवितो. हे त्याला कोणी शिकविलेले नाही.

परंतु डोळ्यांनी पाहू लागल्यापासून मला आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे, आणि तिच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. आषाढ-श्रावणात, नवे पाणी आले की, मरळीची जोडी काठाच्या गवतात अंडी घालते, आणि पुढे तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर उकळी फुटल्यासारखा वरखाली होत फिरू लागतो तेव्हा आईबाप त्याच्या खालीच राखणीला असतात. या थव्यातून बेडूक ओढला की मरळ त्याच्यावर तुटून पडते. पण ती तेव्हा खात नसते, हाकलीत असते. म्हणून तिचा दंश निराळा असतो, थेंब क्षणभरही न डुलता झडतात आणि थांबावे लागतच नाही. ज्या एका गोष्टीसाठी ही विद्या शिकावयाची ती येथे लागतच नाही. कोणीही नवखा मनुष्य पहिल्याच दिवशी मोठी मरळ धरतो, मोबाइलवर तिचे चित्रण करतो, आणि तिकडे चिलापी त्या उघड्या पडलेल्या थव्यात शिरून एका दुपारीत तो संपवून टाकते. चिलापी हा मूळचा आमचा मासा नव्हे, ती १९५२ मध्ये या देशात आणली गेली, आणि आज आमच्या धरणांत ती सर्वत्र आहे. मोसमभर अशा जोड्या उचलल्या गेल्या की पुढच्या वर्षी वलये दिसत नाहीत.

जिलेटिन टाकून पाणी उडविणारे आणि विजेची तार सोडणारे यांच्याविषयी मी येथे लिहीत नाही. स्फोटकांनी आणि विषाने मासे मारण्याविरुद्ध १८९७ पासून कायदा आहे, आणि तो राबविणे हे सरकारचे काम आहे. मला बोलावयाचे आहे ते आमच्याच लोकांशी, जे महागाच्या काठ्या घेऊन येतात, धरलेला मासा सोडून देतो असे अभिमानाने सांगतात, आणि राखणीवरची मरळ अर्धी घटका हातात धरून छायाचित्रे काढून मग सोडतात. ती पोहत जाते हे खरे. पण तेवढ्या वेळात थवा उरलेला नसतो. हा शिकारीचा नव्हे, चोरीचा प्रकार आहे, आणि तो हौशी लोकांनीच आमच्या पाण्यावर आणला, असे मला वाटते. भोई असे करीत नसत; निदान ज्यांच्याकडून मी शिकलो ते करीत नसत, कारण त्यांना पुढच्या वर्षीही त्याच पाण्यावर पोट भरावयाचे असे.

म्हणून सोलापूर, लातूर, हैदराबादेहून येणाऱ्या सर्व मित्रांना माझी विनंती आहे की आषाढात येथे यावयाचे झालेच तर काठी घरी ठेवून यावे आणि नळदुर्गला बोरीचे पाणी पाणीमहालावरून पडताना पाहून परत जावे. तांबूस थवा दिसला तर गळ आवरावा, आणि पिल्ले काळवंडून पांगेपर्यंत तो काठ सोडून द्यावा. कार्तिकात या. धरणाचा मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे आहे, तिची परवानगी अगोदर घ्यावी. होडी त्या मुलाच्या घरची आहे, भाडे त्याच्या वडिलांच्या हाती द्यावे, आणि तो “थांबा” म्हणाला की थांबावे.