दोन टेबलांमधले अंतर

कुणी कितीही नाके मुरडली तरी आपण मराठी माणसे बरीचशी कचेरीची माणसे आहोत. खात्री पटत नसेल तर घरात येऊन पडलेल्या लग्नपत्रिका चाळून पाहा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, मुजुमदार, दफ्तरदार! कुणाच्या पूर्वजाने हिशेब लिहिले, कुणाच्या पूर्वजाने पत्रे लिहिली, कुणी खजिना सांभाळला. ज्यांनी तलवारी गाजवल्या त्यांचे पोवाडे झाले. ज्यांनी टाक झिजवले त्यांची आडनावे झाली.

आणि जिथे दोन टाक एकाच दौतीत बुडतात तिथे थोडेफार राजकारण व्हायचेच. म्हणून नव्याने नोकरीला लागलेला एखादा तरुण माझ्यापुढे डोके धरून बसला, की मला त्याची कीव येते. पण नवल वाटत नाही. मी स्वतः चौतीस वर्षे एका मोठ्या कचेरीत काढली आहेत. ‘माझी टिपणी दुसऱ्याने आपल्या नावावर खपवली’, ‘बैठकीला मला मुद्दाम बोलावले नाही’, ‘साहेबांचे कान आधीच भरले होते’ — या तक्रारी मी ज्या शब्दांत केल्या, त्याच शब्दांत तो आज करतो. माझ्या वेळी फायली फडक्यात बांधून फिरत, त्याच्या वेळी त्या संगणकाच्या पडद्यावर फिरतात. कान मात्र अजून जुन्याच पद्धतीने भरले जातात.

या रोगाचे निदान करणारा एक मोठा मिस्कील वैद्य होऊन गेला. पार्किन्सन नावाचा इंग्रज इतिहासकार. 1955 साली ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात त्याने एक लेख लिहिला आणि त्यात आपल्याच देशाच्या आरमाराचे आकडे मांडले. 1914 साली आरमारात मोठ्या युद्धनौका होत्या 62. 1928 साली उरल्या 20. आणि आरमाराच्या कचेरीतले अधिकारी? 1914 साली 2,000. 1928 साली 3,569! जहाजे गेली, टेबले वाढली. त्याचे म्हणणे असे, की अधिकाऱ्याला हाताखालची माणसे वाढलेली आवडतात, बरोबरीचा माणूस मात्र खपत नाही. आणि ही सारी माणसे एकमेकांसाठी काम निर्माण करतात. हे वाचले तेव्हा मला लंडनची कचेरी दिसलीच नाही. आमचा दुसरा मजला दिसला.

पण पार्किन्सनच्या निदानात मी माझ्या अनुभवाची एक पुरवणी जोडतो. कचेरीत आपण ज्याला दुष्टपणा म्हणतो, त्यातला बारा आणे भाग निव्वळ भीतीचा असतो. मोठ्या संस्थेत निर्णय घेतल्याबद्दल सहसा कुणाची पाठ थोपटली जात नाही; निर्णय चुकला की मात्र मान नेमकी सापडते. मग शहाणा माणूस काय करतो? तो कागद वर ढकलतो. ‘अवलोकनार्थ सादर.’ ‘मार्गदर्शन व्हावे ही विनंती.’ वरचा त्याच्याहून शहाणा असतो. तो समासात दोनच शब्द लिहितो, ‘चर्चा करावी’, आणि कागद खाली येतो. त्या दोन शब्दांनी जितके कागद गारद केले असतील तितके वाळवीनेही केले नसतील.

या भीतीत जुना हेवा मिसळला म्हणजे काय होते, ते मी 1994 साली जवळून पाहिले. आमच्याकडे आस्थापना आणि हिशेब या दोन शाखांची टेबले एकाच दालनात, बारा फुटांच्या अंतरावर होती. दोन्हीकडचे प्रमुख एकाच वर्षी नोकरीला लागलेले. पण बढतीत एकजण पुढे गेला आणि तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद झाले. जे काही बोलायचे ते कागदावर. कागद आवक-जावक नोंदवह्यांतून प्रवास करी, शिपाई तो उचली, आणि बारा फूट चालून जायला त्याला चार-पाच दिवस लागत.

त्या बारा फुटांत एका मयत शिपायाच्या बायकोचे कुटुंबनिवृत्तिवेतन अडकले होते. सेवापुस्तकात एका रजेची नोंद साक्षांकित नव्हती, फायल परत. ती नोंद झाली, तर आता नामनिर्देशनावर तारीख नाही, फायल परत. तारीख मिळाली, तर ना-देय दाखला जुना झाला, फायल परत. प्रत्येक आक्षेप नियमाला धरून होता, बरे का! खोटा एकही नव्हता. फक्त एका वेळी एकच काढायचा, एवढेच त्यातले कौशल्य. दोघे अधिकारी एकमेकांशी बुद्धिबळ खेळत होते आणि पटावरचे प्यादे बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. बाई दर सोमवारी येत. पहिल्या गाडीने निघत आणि शेवटच्या गाडीने परतत. ‘साहेब, आज तरी?’ एवढेच विचारत. भांडण कुणाचे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. भांडण आहे हेच ठाऊक नव्हते. त्यांना वाटे, आपल्याच कागदात काही खोट असेल.

त्या प्रकरणात मला शौर्य गाजवण्याची सोय नव्हती; माझे टेबल दोघांच्याही खालचे. मी एक पानाची टिपणी लिहिली. फायल कोणत्या तारखेला कुठून कुठे गेली आणि कोणता आक्षेप निघाला, याचा तक्ता. कुणालाही दोष नाही, एकही विशेषण नाही. शेवटी एक वाक्य: उर्वरित सर्व आक्षेप दोन्ही शाखांनी एकाच वेळी नोंदवावेत. मग ती टिपणी दोघांकडे न्यायला मी शिपायाला दिली नाही. स्वतः नेली, आणि प्रत्येकाची सही होईपर्यंत समोर उभा राहिलो. तारखांचा तक्ता समोर असला की माणसाला आपणच लिहिलेले वाचावे लागते. तीन आक्षेप एकदम निघाले. पूर्तता झाल्यावर मंजुरीच्या मसुद्यात मी ‘दोन्ही शाखांच्या सूचनांनुसार’ असे घातले. कुणी जिंकले नाही, कुणी हरले नाही, आणि बाईंना वेतन सुरू झाले. त्या दोघांचे बोलणे मात्र निवृत्तीपर्यंत सुरू झाले नाही.

पुढे 2005 साली आपल्या राज्यात कायदा झाला, की सर्वसाधारणपणे कोणतीही फायल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये. त्याच साली माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदाही आला आणि बाकावरच्या माणसाला आपल्या फायलीत काय लिहिले आहे हे विचारता येऊ लागले. दोन्ही चांगले झाले. पण सहाव्या दिवशी नवा आक्षेप लावून फायल परत केली, तर त्या टेबलाने सात दिवस पाळलेलेच असतात. हेव्याला मुदत घालणारा कायदा अजून निघायचा आहे.

तेव्हा तरुणाला मी सांगतो ते इतकेच. जे तोंडी ठरले ते त्याच दिवशी लिहून ठेव, आणि ज्याच्याशी ठरले त्याला नम्रपणे पाठव. जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी ‘लेखनसीमा’, ‘मोर्तब सुद’ असे शिक्के असत. पत्र संपल्याची खूण, म्हणजे खाली कुणी चार ओळी घुसडायला नकोत! आपल्या पूर्वजांना आपले सहकारी चांगले ठाऊक होते. चहाला सर्वांबरोबर जा. पण एका टेबलावर ऐकलेले दुसऱ्या टेबलावर सांडू नकोस. आक्षेप काढायचे तर सगळे एकदम काढ. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याकडे कागद पाठवू नकोस, कागद घेऊन जा. बारा फूट चालल्याने कुणाचा मान कमी होत नाही. आणि ज्या दिवशी खोट्यावर सही मागतील त्या दिवशी बदली मागून घे. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये हे खरे. पण चिखलातून तर कुणाच्याच मागून जाऊ नये.

आणखी एक गोष्ट आहे, पण ती उपदेशाने येत नाही. आपल्यावर अन्याय झाला असे वाटून मन कडू झाले, की उठावे आणि व्हरांड्यात एक फेरी मारून यावी. हल्ली पुष्कळ बाके ओस पडली आहेत. तिथली माणसे आता घरी बसून फोनच्या पडद्यावर ‘प्रलंबित’ हा शब्द रोज पाहतात, आणि खोट आपल्याच कागदात असेल असे समजतात. आपल्या भांडणाची खरी किंमत तो माणूस मोजत असतो. त्याचा कागद आज पुढे सरकला का, एवढे विचारावे. सरकला असेल, तर साहेबांनी कुणाला मानले आणि कुणाला नाही, याने रात्रीची झोप मोडत नाही.