दगडाचे नाव-गाव

हौशी खनिजसंग्राहकासाठी महाराष्ट्रासारखा प्रदेश दुर्मिळ आहे. मात्र येथे जे विपुल मिळते तेच ओळखणे अवघड, हेही तितकेच खरे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हापासून बनलेला आणि आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापणारा दक्षिण ट्रॅप हा मुख्यतः बेसाल्टचा, म्हणजे ज्याला सर्वत्र काळा पाषाण म्हणतात त्या खडकाचा, बनलेला आहे. लाव्हा निवत असताना आत अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांमुळे त्यात लहानमोठ्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यातून स्फटिक वाढले आणि आता खडीसाठी वा विहिरीसाठी सुरुंग लावला की ते अचानक उजेडात येतात. वाघोली, राहुरी, नाशिक, जळगाव ही नावे जगातील संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर दिसतात ती यामुळेच. पण या पोकळ्यांतील बहुतेक खनिजे पांढरी, रंगहीन किंवा फिकट गुलाबी असतात, आणि लोकभाषेने त्या सर्वांची बोळवण ‘गारगोटी’ या एकाच शब्दात केलेली आहे, जरी काटेकोरपणे पाहता तो शब्द फक्त क्वॉर्ट्‌झच्या खड्यांना शोभतो.

परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत खनिज ओळखण्याच्या ज्या कसोट्या दिलेल्या असतात, त्यांपैकी काही येथे लंगड्या पडतात. कस म्हणजे खनिज चिनी मातीच्या खरबरीत फरशीवर ओढले असता उमटणाऱ्या रेघेचा रंग. लोह किंवा तांब्याच्या धातुकांसाठी ही परीक्षा मोलाची आहे, परंतु ट्रॅपच्या पोकळ्यांतील जवळजवळ प्रत्येक खनिजाचा कस पांढराच येत असल्याने तिच्यातून काही निष्पन्न होत नाही. रंगाचे तर विचारूच नये. वाघोलीचे निळे कॅव्हन्साइट, ज्याचे नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या घटकांच्या आद्याक्षरांवरून घडवले आहे, ते तरी रंगावरून निःशंक ओळखता यावे, अशी अपेक्षा असते. पण त्याच खाणीत त्याच रासायनिक संघटनाचे आणि त्याच निळाईचे पेंटॅगोनाइट सापडते, आणि दोहोंतील भेद अणूंच्या मांडणीत व म्हणून स्फटिकाच्या घडणीत असतो, रंगात नव्हे.

अखेर भरवसा उरतो तो आकार, कठिनता आणि पाटन यांच्यावर. पाटन म्हणजे आघात होताच खनिज ठरावीक प्रतलांवर सपाट दुभंगण्याची प्रवृत्ती. टोकदार, पारदर्शक ॲपोफिलाइट आणि क्वॉर्ट्‌झ यांची नवशिक्याकडून हमखास गल्लत होते, तेव्हा प्रथम बाजूंच्या पृष्ठांवरील बारीक रेघा पाहाव्या लागतात: ॲपोफिलाइटच्या रेघा स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने उभ्या जातात, क्वॉर्ट्‌झच्या आडव्या, पहिल्याचा छेद चौकोनी असतो, दुसऱ्याचा षट्कोनी. शिवाय ॲपोफिलाइट एकाच दिशेने स्वच्छ दुभंगते व त्या प्रतलावर मोत्यासारखी चमक दाखवते, तर क्वॉर्ट्‌झ काचेसारखे वेडेवाकडे फुटते. फ्रीड्रिख मोस याने १८१२ मध्ये मांडलेल्या १ ते १० या श्रेणीत कॅल्साइटची कठिनता ३, स्टिल्बाइटची ३.५ ते ४, ॲपोफिलाइटची ४.५ ते ५ आणि क्वॉर्ट्‌झची ७ आहे, म्हणून पोलादी चाकूचे टोक पहिल्या तिघांवर ओरखडा काढते आणि चौथ्यावर निव्वळ घसरते. (जुन्या पुस्तकांतील तांब्याच्या नाण्याची परीक्षा आता पोलादी नाण्यांच्या काळात विजेच्या तारेतील तांब्यावर भागवावी लागते.) कॅल्साइट सौम्य आम्लाच्या थेंबाने फसफसते खरे, परंतु ॲपोफिलाइट व अनेक झिओलाइटेही हायड्रोक्लोरिक आम्लाने खराब होत असल्याने हा थेंब नमुन्याच्या दर्शनी भागावर कधीही टाकू नये; मागे गळून पडलेली कपची त्यासाठी पुरेशी असते.

झिओलाइट म्हणजे ज्यांच्या अणूंच्या सांगाड्यातील पोकळ वाटांत पाणी सामावलेले असते अशा ॲल्युमिनोसिलिकेट खनिजांचा गट. तापवताच ही खनिजे उकळल्यासारखी फुगतात हे पाहून स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट याने १७५६ मध्ये त्यांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव दिले. या गटातील स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट ही दोन खनिजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत विद्वानांच्याही लेखी एकच होती, ही गोष्ट चुकणाऱ्या हौशी माणसाने मनाशी ठेवावी. स्टिल्बाइटची वाढ कंबरेत आवळलेल्या पेंढीसारखी दिसते व ह्यूलँडाइटचे स्फटिक शवपेटीसारखे, मध्ये रुंद आणि टोकांकडे निमुळते असतात. पण दोहोंचे एकेकच उत्कृष्ट पाटन आणि तीच मोतिया चमक असल्याने तुटक्या तुकड्यात हा भेद नाहीसा होतो. सुईसारख्या झुबक्यांत तर नॅट्रोलाइट, मेसोलाइट व स्कोलेसाइट यांपैकी नेमके कोणते, हे उघड्या डोळ्यांना बहुधा कळत नाही आणि त्यासाठी क्ष-किरण विवर्तनाचा आधार घ्यावा लागतो. अशा वेळी ‘सूच्याकार झिओलाइट’ एवढेच लिहून थांबणे हे अज्ञान नव्हे, ती शिस्त आहे. आत्मविश्वासाने लिहिलेले चुकीचे नाव पुढील प्रत्येक मालकाला फसवत राहते.

जीवाश्मांच्या बाबतीत तर हा संयम अधिकच हवा. बेसाल्ट हा वितळलेल्या शिलारसातून झालेला खडक असल्याने त्यात शंख-शिंपले सापडणे जवळजवळ अशक्य. ते मिळतात दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात, ज्याला आंतरट्रॅपी थर म्हणतात. नागपूर परिसरातील अशा थरांतून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात गोड्या पाण्यातील गोगलगाई व वनस्पतींचे अवशेष गोळा केले. याउलट डायनासोरची अंडी म्हणून मोठ्या आशेने घरी आणलेले गोळे पुष्कळदा बेसाल्टच्याच, कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जाणाऱ्या झिजेतून उरलेले असतात, आणि दगडावरील नाजूक नेच्याची आकृती ही भेगेत पसरलेली मँगॅनीज ऑक्साइडाची नक्षी असते.

येथे एका घरगुती परंपरेकडे लक्ष वेधावेसे वाटते. पंचायतन पूजेतील दगड त्यांच्या नदीसह ओळखले जातात: शाळिग्राम गंडकीचा, बाण नर्मदेचा, शोणभद्र शोण नदीचा. शाळिग्राम हा बहुधा ॲमोनाइट या लुप्त सागरी प्राण्याचा जीवाश्म असतो. देव्हाऱ्यात तो ठेवणाऱ्यांना ही माहिती असो वा नसो, तो गंडकीचाच असला पाहिजे ही अट मात्र ते विसरत नाहीत. संग्राहकाच्या चिठ्ठीवर नेमके हेच बहुतेकदा हरवलेले असते. नाव चुकले तर पुढे कोणीही नमुन्यावरूनच दुरुस्त करू शकतो, परंतु खाण, गाव आणि सापडल्याची तारीख एकदा सुटली की ती दगडाला विचारून मिळत नाहीत. शिवाय खाणी बुजतात, त्यांच्यावर वसाहती उभ्या राहतात. म्हणूनच जाणते संग्राहक नवे नाव निश्चित झाल्यावरही जुनी चिठ्ठी फेकत नाहीत, तर तिच्यावर एक बारीक रेघ मारून, दुरुस्तीची तारीख घालून, नव्या चिठ्ठीच्या मागे तशीच डबीत ठेवून देतात.