माऊस क्रमांक ४

स्मरणिकेत लिहावयाचे म्हणजे परिपाठ, वसतिगृहातील पिठले-भाकरी आणि गुरुजनांचे ऋण यांविषयी लिहावे, असा प्रघात आहे. ते सारे आमच्याही मनात आहेच. परंतु आम्हां माजी विद्यार्थ्यांची कोठे गाठ पडली, की बोलणे हटकून संगणक कक्षावर येते आणि तेथून एका माऊसवर. म्हणून त्या माऊसचीच हकिकत येथे नोंदवीत आहोत.

कक्षातील संगणक जुने, दानात आलेले होते. त्यांवर लिनक्स होते, कारण परवान्यासाठी पैसे नव्हते. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली या प्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला आणि आपल्याकडील सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणालीही त्याच गाभ्यावर उभी आहे, हे सरांनी पहिल्याच तासाला सांगितले होते. कळमनुरी, सेनगाव, वसमत भागातून आलेल्या आमच्यापैकी बहुतेकांनी संगणकाला पहिला स्पर्श केला, तो त्या कक्षातच.

तो मार्च महिना होता. आपल्या जिल्ह्यात हे दिवस हळदीचे. शिजवणे, वाळवणे, ढोलात घालून पॉलिश करणे अशी घरोघरी एकच धांदल असते. सुट्टीत घरच्या कामाला हातभार लावून परतलेल्या मुलामुलींची बोटे आठवडाभर पिवळी दिसत. अशीच पिवळ्या बोटांची एक ताई १४ एप्रिलच्या भित्तिपत्रकासाठी लेख टंकलिखित करीत होती. एखादे अक्षर दुरुस्त करण्यासाठी तिने शब्दात एकदा क्लिक केले, की अख्खा शब्दच निवडला जाई आणि पुढचे अक्षर दाबताच तो नाहीसा होई. फाईल ओढून नेताना ती मध्येच गळून पडे. दोन दिवसांत तिचे दीड पान पुसले गेले. माऊसच्या डाव्या बटणावर हळदीचा डाग स्पष्ट दिसत होता.

नेमके त्याच दिवशी प्रिंटर पाहण्यासाठी बाहेरून एक कारागीर आले होते. त्यांनी डाग पाहिला आणि निदान करून टाकले : “सर, हळदीचे हात लागल्यावर माऊस टिकेल कसा? पोरांना हात लावू देऊ नका.” बोलले ते सहजच, त्यांच्या मनात काही वाकडे होते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु २० मार्च १९२७ रोजी ज्या समाजाने महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या समाजाच्या शाळेत ‘हात लावू देऊ नका’ हे शब्द साधे राहत नाहीत. ती ताई हात ओढणीत घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसली. लेख दुसऱ्या कोणी लिहावा, असेही ती म्हणाली.

सर कारागिरांशी वाद घालीत बसले नाहीत. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, ते आम्ही परिपाठात ऐकत आलो होतो. ऐकीव गोष्ट ऐकीव आहे एवढ्यावरून खरी मानू नये, हा त्याचा आशय. सरांनी फळ्यावर केवळ एक प्रश्न लिहिला : दोष कोणाबरोबर जातो?

प्रथम चौथ्या संगणकाचा माऊस सातव्याला लावला. दोष सातव्यावर गेला. सातव्याचा माऊस चौथ्याला लावला, तर तेथे सारे सुरळीत. म्हणजे लिनक्स निर्दोष, संगणक निर्दोष. दोष माऊसमध्येच होता. पण माऊसमध्ये कोठे? आणि तो हळदीचा की आणखी कशाचा?

येथे लिनक्सचा मोठेपणा आमच्या लक्षात आला. सरांनी टर्मिनल उघडून स्वतःचा पासवर्ड घातला आणि ‘ईव्हीटेस्ट’ ही आज्ञा चालविली. माऊसकडून येणारी प्रत्येक खबर पडद्यावर ओळीओळीने उमटू लागली. २७२ हा डाव्या बटणाचा क्रमांक. पुढे १ आले म्हणजे बटण दाबले, ० आले म्हणजे सोडले. प्रत्येक ओळीत वेळ, तीही सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत. सरांनी त्या ताईला बोलावून बटण एकदाच दाबावयास सांगितले. तिने दाबले. पडद्यावर आले : दाबले, सोडले, दाबले, सोडले. वहीत वजाबाकी करून पाहिली, तर पहिल्या आणि दुसऱ्या दाबण्यात दहा मिलिसेकंदांचेही अंतर नव्हते. मग चांगल्या माऊसवर आम्ही प्रत्येकाने शक्य तितक्या वेगाने दोनदा क्लिक करून पाहिले. कबड्डीच्या संघातील सर्वांत चपळ मुलगाही त्या अंतराच्या आसपास पोचला नाही. दुसरे दाबणे कोणत्याही बोटाचे असूच शकत नव्हते.

पोटाखालचा कागद सोलल्यावर त्याखाली स्क्रू सापडला. डग्लस एंगलबर्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जगाला माऊस दाखविला, आणि त्यांचा अगदी पहिला माऊस लाकडी होता, त्याला दोन चाके होती, हे सर स्क्रू फिरवता फिरवता सांगत होते. आमच्या माऊसमध्ये धूळ निघाली, दोन केस निघाले. हळद मात्र वरच्या प्लास्टिकवरच होती. बटणाखालचा स्विच म्हणजे बंद डबीच. तिच्या आत तांब्याची पातळ पट्टी. वर्षानुवर्षे दाबून तिचा संपर्क झिजतो, मग ती मिटताना क्षणभर थरथरते आणि एकाचे दोन होतात. ज्या माऊसला त्या ताईने कधी हात लावला नव्हता, असा त्याच खेपेतला एक माऊस तपासला. त्यातही हाच दोष सुरू झालेला होता.

नवा माऊस घेण्याइतके पैसे त्या महिन्यात नव्हते. तोवर सेटिंगमध्ये जाऊन डावखुऱ्यांसाठीचा पर्याय निवडला, म्हणजे उजवे बटण मुख्य झाले. आमच्यातील एक डावखुरा मित्र त्या आठवड्यात भलताच खुशीत होता. पुढे सरांनी डाग देऊन उजवा, फारसा न वापरलेला स्विच डावीकडे बसविला. (नंतरच्या काळात लिनक्समधील ‘लिबइनपुट’ अशी थरथर स्वतःच ओळखून गाळू लागले, पण तेव्हा आमच्या जुन्या आवृत्तीत ती सोय नव्हती.) खिडकीजवळच्या संगणकावर बाण उड्या मारी, त्याला चकचकीत टेबलावर वहीचा पुठ्ठा अंथरणे पुरले.

कक्षात दुरुस्तीची एक नोंदवही असे. त्या दिवसाची नोंद सरांनी मुद्दाम त्या ताईकडून लिहून घेतली. माऊस क्रमांक ४. तक्रार : एका क्लिकचे दोन. कारण : डाव्या बटणाचा स्विच झिजला. शेवटच्या रकान्यात, जेथे तपासणाऱ्याचे नाव लिहावयाचे, तेथे तिने सरांचे नाव लिहिले होते. सरांनी ते खोडले आणि वही पुन्हा तिच्यापुढे सरकवली.