आवाज कुणीकडे?

आमच्या नेर गावात कुणाचा जुना कॉम्प्युटर साफ करून त्यावर लिनक्स टाकून दिला, की काही दिवसांतच निरोप येतो. "भाऊ, स्पीकर जोडल्या जाते, पण आवाज त्यातून येऊन नाही राहिला." जाऊन पाहावं तर खरंच तसं असतं. ब्लूटूथ स्पीकरचा निळा दिवा स्थिर, पडद्यावर 'कनेक्टेड' लिहिलेलं, आणि भजन मात्र मॉनिटरच्या आतल्या बारक्या स्पीकरमधून किनऱ्या आवाजात चाललेलं. लिनक्समध्ये जोडणी सांभाळते ब्लूएझ नावाची यंत्रणा. आवाज कुठून बाहेर काढायचा हे ठरवतं पल्सऑडिओ, किंवा लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत पाइपवायर. नवा स्पीकर आल्याचं त्यांना कळतं. चालू असलेलं गाणं तिकडे वळवायचं की नाही, हा निर्णय वेगळा असतो, आणि तो आधी सांगून ठेवावा लागतो.

*

माझ्या मते स्पीकरचं बटण दाबणं हाच हुकूम. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीहून निघालेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आमच्या भागातल्या अनेक घरांत दिवेलागणीला होते. हल्ली काही ठिकाणी ती ध्वनिमुद्रित लावतात. आजीचा हात देवळीतल्या स्पीकरपर्यंत बरोबर जातो, बटण कुठे आहे ते बोटांना पाठ असतं. तिला जे सांगायचं ते तिने तिथेच सांगितलं. पुढे माउस धर, कोपऱ्यातलं कर्ण्याचं चित्र दाब, यादी उघड, स्पीकरचं नाव निवड, हे तिला करायला लावू नये. यंत्राने एवढं समजून घेतलंच पाहिजे.

*

पल्सऑडिओ असेल तर उपाय एका ओळीचा. 'डिफॉल्ट डॉट पीए' या फायलीच्या शेवटी 'लोड-मॉड्यूल मॉड्यूल-स्विच-ऑन-कनेक्ट' असं इंग्रजी अक्षरांत, आडव्या रेघांसकट लिहायचं आणि एकदा लॉग-आउट होऊन परत यायचं. त्यानंतर नवा स्पीकर आला की आवाज आपोआप तिकडे जातो.

या मॉड्यूलने सुरुवातीला लोकांना एक त्रासही दिला. त्याला ब्लूटूथ काय आणि मॉनिटरला जाणारी एचडीएमआयची वायर काय, सगळं सारखंच नवं वाटे. झोपलेला मॉनिटर जागा झाला की तोही नवा पाहुणा ठरे आणि आवाज तिकडे पळे. कितीतरी मॉनिटरांना स्पीकरच नसतो, म्हणजे आवाज गेला तो गेलाच. 2020 साली आलेल्या पल्सऑडिओच्या 14व्या आवृत्तीत एचडीएमआयकडे आपोआप वळणं मुळातच बंद केलं. हा निर्णय मला फार आवडतो. मॉनिटर जागा झाला म्हणून त्यातून आवाज हवा, असं कुणीच सांगितलेलं नसतं. स्पीकर चालू करणाऱ्याने मात्र ते सांगितलेलं असतं.

*

पाइपवायर फेडोरात 2021 पासून आणि उबुंटूत 2022 च्या ऑक्टोबरातल्या आवृत्तीपासून मुळातच येतं. तिथे वायरप्लंबर नावाचा सोबती प्रत्येक उपकरणाला प्राधान्य देतो आणि माणसाने हाताने केलेली निवड लक्षात ठेवतो. म्हणून कॉम्प्युटर देताना घरातला स्पीकर जोडून, साउंड सेटिंगमध्ये जाऊन तो एकदा स्वतः निवडावा. स्पीकर बंद झाला की आवाज मागे येतो आणि परत जोडला की पुन्हा त्याच्याकडे जातो.

एवढं करूनही एखादाच प्रोग्राम अडून बसत असेल, तर त्याला आधी कुणीतरी वेगळ्या जागी बांधून ठेवलेलं असतं. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' उघडून 'प्लेबॅक'मध्ये तो कुठे बांधलाय ते पाहावं.

*

लाइन गेली की आमच्याकडे एक वेगळाच घोळ होतो. इन्व्हर्टर नसेल तर कॉम्प्युटर विझतो, पण स्पीकर बॅटरीवर जागाच राहतो. कॉम्प्युटर हरवला म्हणून तो ओळखीचं दुसरं कुणी शोधतो आणि खाटेवर पडलेल्या कुणाच्या तरी मोबाइलला जाऊन चिकटतो. अर्ध्या तासाने लाइन येते, कॉम्प्युटर उठतो, पण स्पीकर आता दुसऱ्याचा झालेला असतो. इथे कॉम्प्युटरचा काही दोष नाही. एका वेळी एकच जोडणी सांभाळणारे स्पीकर बहुतेक घरांत आहेत, तेव्हा घरच्या मोबाइलांतून त्याची जोडणी काढून टाकणं बरं. कॉम्प्युटरवर त्याला 'ट्रस्ट' करून ठेवावं, म्हणजे तो परत येतो तेव्हा परवानगीचा प्रश्न विचारला जात नाही.

*

आपोआप वळण्याच्या बाजूने मी इतकं लिहितो, पण एका ठिकाणी ते घातक आहे.

ज्यांना दिसत नाही ते कॉम्प्युटर कानाने वाचतात. विंडोजवर एनव्हीडीए आणि लिनक्सवर ऑर्का हे फुकट मिळणारे स्क्रीन रीडर पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतात. ईस्पीक एनजी हा बोलका प्रोग्राम मराठीही वाचतो. अशा माणसासाठी आवाज हाच पडदा असतो. तो अर्ज भरत बसलाय आणि पलीकडच्या खोलीत भावाने गाण्यासाठी स्पीकर चालू केला, तर वाचणारा आवाज भिंतीपलीकडे जातो. आवाज परत आणायला सेटिंग उघडावं लागतं, आणि सेटिंग वाचायला आवाज लागतो. शिवाय तो भरत असलेला बँक खात्याचा नंबर आता पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचला जातोय.

इथे बटण दाबणारा एक आणि कॉम्प्युटर वापरणारा दुसरा आहे, म्हणून माझा नियम इथे लागू होत नाही. एनव्हीडीएमध्ये बोलण्याचा आवाज कुठल्या उपकरणातून यावा हे कायमचं ठरवून ठेवता येतं. वायरच्या हेडफोनशी तो बांधून टाकावा आणि गाणी हवी तिकडे फिरू द्यावीत. दृष्टिहीन विद्यार्थ्याला कॉम्प्युटर देणाऱ्या प्रत्येकाने एवढी पाच मिनिटं द्यायलाच हवीत.

*

ऑनलाइन तासाला माइक लागला की ब्लूटूथ हेडसेटचा आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. बिघाड नाही तो. नुसतं ऐकायचं असताना एटूडीपी हा दोन कानांचा, एकतर्फी रस्ता वापरला जातो. माइक उघडला की एचएफपी या दुतर्फी रस्त्यावर यावं लागतं, आणि तो एकपदरी व अरुंद आहे. कॉम्प्युटरचाच माइक निवडला तर कानातला आवाज चांगला राहतो.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे ऐकणाऱ्यांनी माइक बंदच ठेवावा. धडा साधारण दहा मिनिटांचा, ऐकता ऐकता हाताने करून पाहायचा असतो. त्यात प्रत्येक शब्द स्वच्छ पोचला पाहिजे.

*

परतीचा विचार फारसा कुणी करत नाही. मोबाइलवर हेडफोन सुटला की गाणं थांबतं. अँड्रॉइड त्यासाठी सगळ्या अ‍ॅपना सूचना पाठवतं, म्हणून एसटीत वायर निघाली तरी अख्ख्या गाडीला आपलं गाणं ऐकू जात नाही. कॉम्प्युटरवर ही सोय अजून सगळीकडे नाही. स्पीकरची बॅटरी संपली की आवाज मुकाट्याने आतल्या स्पीकरवर येतो आणि रात्री सगळं घर उठतं.

यावर एक सोपा इलाज आहे. पल्सऑडिओ आणि पाइपवायर दोन्ही प्रत्येक उपकरणाचा आवाज वेगळा लक्षात ठेवतात. ब्लूटूथ बंद करून आतल्या स्पीकरचा आवाज वीस टक्क्यांवर आणून ठेवायचा. कॉम्प्युटर हवाली करण्याआधी मी गाणं लावून स्पीकर चालू करतो, बंद करतो, पुन्हा चालू करतो. आवाज गेला, हळू होऊन परत आला आणि पुन्हा गेला, की मग पिशवीत भरतो.