पुसण्याआधी

डीटीपीच्या दुकानातल्या हार्ड डिस्कवर दुकानदाराचं स्वतःचं असं फार थोडं असतं. बाकी सगळं गावाचं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दशक्रियेची पत्रं, पतसंस्थेचे अहवाल, स्थळांसाठी घाईघाईनं करून घेतलेले बायोडेटा, एखाद्या निवृत्त गुरुजींनी पदरमोड करून काढलेला कवितासंग्रह. साताऱ्यातल्या माझ्या मामांच्या दुकानात हे सारं एका यंत्रावरून पुढच्या यंत्रावर उतरत आलं आहे. आताची डिस्कही म्हातारी झाली. अजून धड आहे, आणि हलवायची ती धड असतानाच.

साडेतीन इंची डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ७२०० फेरे घेते. तिच्या काठाचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगावर वाचणारं टोक तबकडीला न टेकता, काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. बाहेरच्या बाकावर गिऱ्हाईक चहा पीत ‘झालं का हो’ विचारत असताना आत वर्षानुवर्षं हे चाललं होतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

नव्या एसएसडीवर नुसत्या फायली नेल्या असत्या तर काम अर्ध्या तासाचं होतं. पण मराठीच्या बाबतीत ते चालत नाही. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, आयएसएम असल्या प्रणालींनी मराठी छापली. त्या काळच्या फायलीत ‘क’ नावाचं अक्षर साठवलेलंच नसतं. तिथं असतो एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा आकडा, आणि त्याला ‘क’चं रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच पत्रिका उघडा, ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी रोमन अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. फॉन्ट एका फोल्डरात, कळफलकाची जुळणी दुसऱ्या, पेजमेकर तिसऱ्याच ठिकाणी. आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. युनिकोड तिला कधी कळलाच नाही. म्हणून विंडोज एक्सपीसकट सगळंच्या सगळं, जसंच्या तसं उचलायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा आधार काढून घेतला आहे, म्हणून या यंत्राला इंटरनेट जोडायचं नाही, हे मामांना आधीच बजावून ठेवलं आहे.

अशा कामाला क्लोनझिला हा डिस्कची नक्कल करणारा प्रोग्राम उत्तम. तो संगणक स्वतःच्या पेनड्राइव्हवरून सुरू करतो, म्हणजे एक्सपी निजलेला राहतो आणि नक्कल होताना त्याच्या फायली जागच्या हलत नाहीत. मग तो विचारतो, कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं. इथं घाई नको. उलट उत्तर दिलं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. तो डिस्कना देतो त्या एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नये. कंपनी, क्षमता आणि डिस्कवर छापलेला अनुक्रमांक जुळवून पाहावा.

नक्कल पुरी झाल्यावर खरा नाजूक भाग येतो. जुनी डिस्क जोडलेली ठेवून एक्सपी पहिल्यांदा नवीवरून सुरू केला, तर ‘सी’ हे अक्षर त्याच्या लेखी जुनीकडेच राहू शकतं. मग यंत्र नवीवरून उठतं आणि अर्धी कामं जुनीकडून करून घेतं. सगळं झकास चालल्यासारखं दिसतं. जुनी काढली की अडतं. म्हणून आधी जुनीची वायर काढायची, मग कळ दाबायची. आम्ही तसंच केलं. यंत्र उठलं. मामांनी सगळ्यात आधी गुरुजींचा कवितासंग्रह उघडला आणि एकेक पान खाली सरकवत शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं. जोडाक्षरं, रफार, सगळं जागेवर. गुरुजी आता नाहीत. मामांना त्या फायलीचं कसलंही गिऱ्हाईक उरलेलं नाही, तरी ती त्यांनी सगळ्यात आधी उघडली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उरली जुनी डिस्क. ‘डिलीट मारून टाक आणि भंगारवाल्याला दे,’ असं कुणीही सांगेल. पण डिलीट केल्यानं सातबाऱ्यावरचं नाव तेवढं कमी होतं. शेतात पीक तसंच उभं असतं. सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलाट या अभ्यासकांनी अमेरिकेत १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांचा लेख २००३ सालचा. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं होती, क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते.

चिवटपणाचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. १ फेब्रुवारी २००३ला कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावला आणि तिचे सहा साथीदार गेले. अवशेषांत करपलेली, वितळलेली एक हार्ड डिस्क सापडली. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी तिच्यावर होत्या. तिच्यातली सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली गेली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. संगणक डॉसवर चालत होता आणि डॉस नोंदी विखरून टाकत नाही, याचाही त्यात हात होता. यान जळालं, आकडे टिकले. ते टिकले याचा मला आनंदच आहे. पण त्याच चिवटपणानं मामांच्या डिस्कवर शेकडो मुलींची जन्मवेळ, रास, उंची, वडिलांचा फोन नंबर टिकून असणार. त्यांनी विश्वासानं दिलेलं ते. कुणाच्या तरी हाती ते जुन्या बाजारातून पडावं, हे मला मान्य नाही.

फिरत्या तबकडीला शून्यांचा एक हात पुरतो, मात्र तो पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत फिरवावा लागतो आणि त्यात तास जातात. आम्ही दुकान बंद झाल्यावर तो लावला, आणि सकाळी मधलेच काही सेक्टर उघडून पाहिले. ‘यातून आता कुणाचा पत्ता निघायचा नाही ना रे?’ मामांनी विचारलं. नाही निघायचा, मामा.

नव्या एसएसडीला मात्र ही रीत लागू पडायची नाही. तिच्यात फिरणारं काही नाही. विजेचे कण पेशींत अडकवून ती लक्षात ठेवते, आणि पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून आतला नियंत्रक प्रत्येक नवं लिखाण वेगळ्याच जागी नेतो. वरून शून्यं लिहिली तरी जुनं एखाद्या कोपऱ्यात राहू शकतं. तिला तिचीच ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा द्यावी लागते. कधीतरी तिचीही पाळी येईल. त्या वेळी मी तिथं असेन असं नाही, म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला आतून एक कागद चिकटवून ठेवला आहे: ही डिस्क विकण्याआधी सिक्युअर इरेज करणे, नुसते फॉरमॅट करू नये. फॉन्ट आधी उचलणे.