मुरगळलेला घोटा

पाय मुरगळला, तर आपल्या घरांतून त्यास दुखण्याचा मान सहसा मिळत नाही. आंबेहळद-तुरटीचा लेप, घट्ट पट्टी आणि चार दिवस विश्रांती, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. आमच्या पुतण्याचे मात्र भागले नाही.

आमचे घराणे तीन पिढ्यांपूर्वी खानदेशातून सुरतेस आले. पुतण्या उधन्याच्या एका यंत्रमाग कारखान्यात कामास आहे. पाळी बारा तासांची, आणि तीही उभ्याने. जिना उतरताना त्याचा घोटा मुरगळला. सूज ओसरली, एक्स-रेमध्ये हाडही शाबूत दिसले. परंतु पाच महिने लोटले तरी पाळीवरून परतताना तो भिंतीस धरून पायऱ्या चढत असे. अखेर एम.आर.आय.मध्ये उलगडा झाला. नडगी आणि टाच यांच्यामध्ये टॅलस नावाचे हाड असते. त्यावरील कूर्चेचा तुकडा खालच्या हाडाच्या कपचीसह सैल झाला होता.

शरीराचा सारा भार या लहानशा हाडावरून पावलात उतरतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तिची जखम आपोआप भरून येणे कठीण. डॉक्टरांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे आर्थ्रोस्कोपी, सुचविली. १९३१ साली न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी घोट्याचा सांधा फार अरुंद म्हणून या तपासणीस अयोग्य ठरविला होता. पुढे १९७२ साली जपानच्या मासाकी वातानाबे यांनी त्याच सांध्यातील आर्थ्रोस्कोपीचे आपले अनुभव प्रसिद्ध केले. आता घोट्याच्या पुढच्या बाजूस दोन लहान छेद घेऊन, सलाईनने सांधा फुगवून, बहुधा २.७ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत सारतात. सैल तुकडा काढून उघड्या हाडास बारीक छिद्रे पाडतात. मज्जेतील रक्त तेथे साकळते आणि कालांतराने नवा थर धरतो. तो मूळ कूर्चेइतका टिकाऊ नसतो. आम्हां सुरतकरांच्या भाषेत ते रफू होय, नवे कापड नव्हे.

छेद लहान असले तरी घरापुढचा प्रश्न लहान नव्हता. सहा आठवडे त्या पायावर भार द्यावयाचा नव्हता, आणि पाळी भरल्याविना मजुरी नाही. पुतण्या म्हणाला, "काका, पाय बरा होईल हो, पण तोवर घरभाडं कोण देणार?" ते आम्ही भावांनी वाटून घेतले. वहिनींनी भिशीची रक्कम पुढे केली. तेव्हा कोठे तो दवाखान्यात दाखल झाला.

शस्त्रक्रियेस आज आठ महिने झाले. तो पुन्हा पाळीवर जातो. मात्र दिवस अखेरीस घोटा अजूनही जड होतो. मुरगळलेला घोटा दोन-तीन महिन्यांनीही दुखत असेल, आत अडकल्यासारखा वाटत असेल, तर लेपावर लेप न देता अस्थितज्ज्ञास दाखवावा, एवढे वाचकांस सांगावेसे वाटते. कारखान्याच्या शेठजींनी मागाशेजारी एक स्टूल ठेवू दिले आहे. मधूनमधून तो दहा मिनिटे त्यावर टेकतो. आम्ही त्या स्टुलाचीही गणना उपचारांतच करतो.